कारणं देण्यामागचं कारण

मुंबईतल्या ऑफिसात उशिरा पोचलेला माणूस ‘लोकल लेट होती’ असं सांगतो, ‘अलार्म बंद करून परत झोपलो’ असं सांगत नाही. उशीर दोन्हीकडे तेवढाच, बिनपगारी दांडीचा धोकाही तेवढाच. तरी पहिलं वाक्य जिभेवर आपसूक येतं, कारण त्यात तीन गुण आहेत. कारण बाहेरचं आहे, ते आपल्या हातात नव्हतं आणि ते आपण मुद्दाम घडवलेलं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी नेमका हाच विषय अभ्यासला. लोक खरं कारण कधी सांगतात आणि कधी गिळून टाकतात, हे त्यांनी विचारून पाहिलं. विसरलो, कंटाळा केला, यायचंच नव्हतं ही कारणं पोटात राहतात. गाडी बंद पडली, घरी कुणी आजारी होतं ही ओठांवर येतात. समोरच्याला किती राग येणार हे चुकीच्या आकारापेक्षा ‘याला हे टाळता आलं असतं का’ या प्रश्नावर जास्त ठरतं, आणि हे गणित कुणी न शिकवता लहान मुलालाही येतं.

चांगल्या सबबीला चौथाही एक गुण लागतो: ती पटकन तपासता येऊ नये. लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर हे ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये आल्यापासून लोकलची सबब जरा अडचणीत आली आहे. रिक्षावाल्यांचं नाव घेणारे त्या मानाने अजून सुरक्षित आहेत.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. मार्विन स्कॉट आणि स्टॅनफर्ड लायमन या समाजशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये त्या नीट मांडल्या. सिग्नल तोडलेला माणूस ‘दिसलाच नाही हो’ म्हणतो, ती सबब. सिग्नल तोडणं वाईट हे त्याला मान्य आहे, जबाबदारी मात्र तो झटकतो. दुसरा म्हणतो, ‘रात्रीचे अकरा वाजलेत, चौकात चिटपाखरू नाही, थांबून काय करायचं?’ हे समर्थन. तोडला हे तो मान्य करतो, त्यात वाईट काही आहे हे मान्य करत नाही. पहिल्याशी ‘कुणी तोडला’ यावर बोलावं लागतं, दुसऱ्याशी ‘नियम कशासाठी आहे’ यावर. आपण बहुतेक वेळा दोघांनाही एकच भाषण देतो आणि ते दोघांनाही लागू पडत नाही.

आतला हिशेब

सबब सांगणारा दर वेळी खोटं बोलत असतो, असा आपला समज असतो. बरेचदा त्याला स्वतःला ते खरंच वाटत असतं. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो की एकमेकींना छेद देणाऱ्या दोन समजुती मनात एकत्र राहिल्या की माणूस अस्वस्थ होतो, आणि त्यातली जी बदलायला सोपी असेल ती बदलतो. ‘मी कामात चोख आहे’ ही एक समजूत आणि ‘मी चुकीच्या खात्यावर दोन लाख पाठवले’ ही दुसरी. पहिली तीस वर्षं जपलेली आहे. दुसरी आज सकाळची. मग दुसरीच थोडी वळते: नावं सारखी होती, स्क्रीन हँग झाली होती, साहेबांनी घाई लावली होती. यातला प्रत्येक तपशील खरा असू शकतो. खोटं फक्त एवढंच असतं की या तपशिलांना जेवढं वजन दिलं जातं, तेवढं त्यांना नसतं.

शिवाय स्वतःच्या चुकीच्या वेळी आपल्याला आपली सगळी परिस्थिती दिसत असते: रात्रीची अपुरी झोप, सासूबाईंचा दवाखाना, वाजणारा फोन. दुसऱ्याच्या चुकीच्या वेळी फक्त तो माणूस दिसतो. दुसऱ्याचं वागणं त्याच्या परिस्थितीऐवजी स्वभावाच्या खाती मांडण्याच्या या सवयीला ली रॉस यांनी 1977 मध्ये शास्त्रीय नाव दिलं. आपल्याकडे ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ त्याच्या कितीतरी आधीपासून होतंच.

काही सबबी तर चूक व्हायच्या आधीच तयार ठेवल्या जातात. परीक्षेच्या दिवशी हॉलबाहेर ‘काहीच वाचलं नाही रे’ म्हणणारा मुलगा दोन्हीकडून सुरक्षित असतो. नापास झाला तर अभ्यास नव्हता, पास झाला तर हुशारी. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांचा 1978 चा प्रयोग याच मुलाचा आहे. काही विद्यार्थ्यांना सुटूच न शकणारी कोडी दिली आणि वर ‘छान सोडवलीस’ असं सांगितलं. आपल्याला हे कसं जमलं हेच त्यांना कळेना. पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतलं एक निवडायला सांगितलं: एक कामगिरी सुधारणारं, एक बिघडवणारं. या गटातल्या मुलग्यांपैकी बहुतेकांनी बिघडवणारं मागितलं. पुढच्या अपयशाला आधीच एक मालक मिळाला.

आणि माफी न मागण्यात सुख असतं, हे मान्य केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. टायलर ओकिमोटो आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या अभ्यासात, माफी मागायला ठाम नकार दिल्याची आठवण काढणाऱ्यांना स्वतःबद्दल बरं वाटलं, आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटलं. म्हणजे हट्टाला बक्षीस ताबडतोब मिळतं. तोटा सावकाश येतो, आणि तो नात्याच्या नाहीतर कामाच्या खात्यावर पडतो.

बाहेरचा हिशेब

मनातला हिशेब सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. मग काही घरांत, काही ऑफिसांत लोक सरळ ‘माझ्याकडून राहिलं’ म्हणतात आणि काही ठिकाणी खापर फोडायला डोकं शोधत बसतात, हा फरक येतो कुठून? आमच्या मते याचं उत्तर कबुलीच्या किमतीत आहे. संस्कार, स्वभाव यांचा वाटा असतो, पण आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी.

व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांनी 2011 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांत तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर केलेला अभ्यास पाहा. एका शाळेत छडी, थप्पड, चिमटे सर्रास. दुसऱ्या शाळेत ओरडा किंवा फार तर बाजूला बसवणं. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, ‘मी येईपर्यंत वळून बघू नकोस’ असं सांगून मोठ्या माणसाने बाहेर जायचं. दोन्ही शाळांतल्या बहुतेक मुलांनी वळून पाहिलं. ‘बघितलंस का?’ असं विचारल्यावर छडीच्या शाळेतली बघणारी मुलं जवळपास सगळीच नाही म्हणाली. दुसऱ्या शाळेत निम्म्याहून थोडीच जास्त मुलं खोटं बोलली. पुढचा तपशील जास्त बोलका आहे. ‘मग काय असेल बरं ते?’ या प्रश्नावर छडीच्या शाळेतली मुलं पकडली जाऊ नये म्हणून बरोबर उत्तर टाळायची. छडीने मोह आवरायला काही शिकवलं नव्हतं. चोरी पचवायला मात्र चांगलं शिकवलं होतं.

याच संशोधकांच्या गटाने 2014 मध्ये कॅनडातल्या तीन ते सात वर्षांच्या मुलांवर गोष्टींचा परिणाम तपासला. खेळण्याचा खेळ तोच, फक्त ‘बघितलंस का?’ विचारायच्या आधी एक गोष्ट सांगायची. ‘लांडगा आला रे आला’ ऐकून खोटं बोलणं कमी झालं नाही. उपयोग झाला तो लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा. त्यात मुलगा वडिलांचं चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणावर खूश होतात. (ही गोष्ट स्वतःच खरी नाही, पण तो मुद्दा वेगळा.) मग संशोधकांनी तिचा शेवट बदलला: मुलगा खोटं बोलतो आणि त्याचं वाईट होतं. परिणाम नाहीसा झाला. खोट्याचं वाईट होतं एवढं ऐकून मुलं खरं बोलत नाहीत. खरं बोलल्यावर काय होतं, हे त्यांना बघायचं असतं.

खुलासा सादर करण्यात येत आहे

मोठ्यांच्या जगात याचं उत्तम उदाहरण म्हणजे सरकारी कार्यालयातली कारणे दाखवा नोटीस. मजकूर ठरलेला असतो: ‘आपणाविरुद्ध शिस्तभंगविषयक कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.’ ही पद्धत योग्य कारणासाठी आली. म्हणणं मांडायची संधी न देता कुणालाही शिक्षा करू नये, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व तिच्यामागे आहे. पण प्रश्नाची रचना नीट वाचा. ‘काय घडलं’ असं कुणी विचारलेलंच नाही. ‘कारवाई का करू नये’ या प्रश्नाला सबब सोडून दुसरं उत्तर संभवत नाही.

त्यामुळे खुलासेही ठरलेले असतात. ‘सदर विलंब हा कार्यबाहुल्यामुळे व अनावधानाने झालेला असून त्यामागे कोणताही हेतू नव्हता. यापुढे दक्षता घेण्यात येईल. तरी सदर प्रकरण नस्तीबद्ध करावे, ही विनंती.’ (नस्तीबद्ध म्हणजे फाइल बंद.) वायनर यांचे तीनही गुण यात हजर आहेत: कारण बाहेरचं (कार्यबाहुल्य), हातात नसलेलं (अनावधान), मुद्दाम नसलेलं (हेतू नव्हता). वाक्यात कर्ता नाही. निवडणुकीची ड्यूटी नाहीतर सर्व्हर डाऊन असेल तर खुलासा आणखी भक्कम होतो.

हे लिहिणाऱ्या लिपिकाला दोष देण्याआधी त्याचं गणित पाहू. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये ‘ठपका ठेवणे’ ही शिक्षा आहे, आणि शिक्षा म्हटली की ती नोंदीत राहते. चूक स्पष्ट कबूल केली तर ठपक्यासाठी आयता पुरावा हाती दिला. कार्यबाहुल्य लिहिलं तर ‘समज देऊन’ विषय मिटण्याची शक्यता बरीच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मध्येही तसंच. ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांचा दंड होऊ शकतो, पण पुरेसं आणि वाजवी कारण नसेल तरच. नागरिकाच्या दृष्टीने हा कायदा चांगलाच आहे. फक्त ज्या ठिकाणी कारणावर दंड ठरतो, तिथे कारणांचं उत्पादन वाढणार हे उघड आहे.

खरा तोटा पुढे आहे. ‘कार्यबाहुल्य’ वाचून वरिष्ठाला कळत नाही की अर्ज नेमका कुठे अडकला. तुलनेसाठी दुसरा एक नमुना पाहा: ‘4 तारखेचा अर्ज मी आवक नोंदवहीत घेतला, पण छाननीसाठी पुढे पाठवला नाही. ही माझी चूक आहे. 19 तारखेला दाखला दिला. त्याच आठवड्यातले बाकीचे अर्ज तपासले, आणखी दोन तसेच अडकले होते, तेही पाठवले. आता दर शुक्रवारी प्रलंबित अर्जांची यादी काढतो.’ पाच ओळींत चूक, चुकणारा, दुरुस्ती, आणखी कुणाचं नुकसान झालं का याचा शोध आणि पुढची सोय. असा खुलासा आला तर साहेबाने ठपका ठेवायचा की शाबासकी द्यायची, यावर त्या कार्यालयातले पुढचे शंभर खुलासे कसे येणार हे ठरतं. बाकीचे टेबलावरून बघत असतातच.

वैमानिकांनी काय केलं

कबुलीची किंमत कमी केली की काय होतं, हे सगळ्यात पद्धतशीरपणे विमान वाहतुकीत पाहायला मिळतं. 1 डिसेंबर 1974 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरणारं ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं 514 क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व 92 जण गेले. नियंत्रण कक्षाने उतरण्याची परवानगी दिली म्हणजे लगेच खाली यायला हरकत नाही, असा वैमानिकांचा समज झाला होता. चौकशीत कळलं की सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे वैमानिक त्याच जागी त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. त्यांनी ते सांगितलंही, पण ते त्यांच्या कंपनीपुरतंच राहिलं.

त्यानंतर विमान वाहतूक प्रशासनाने 1975 मध्ये आपल्या चुका कळवण्याची योजना काढली. वैमानिकांचा भरवसा बसेना, कारण परवाना काढून घेणारी संस्था तीच. म्हणून 1976 मध्ये हे काम नासाकडे दिलं. नासाला कुणालाही शिक्षा करण्याचा अधिकारच नाही. पद्धत अशी: नकळत झालेली चूक 10 दिवसांच्या आत लिहून पाठवायची. अर्जावर नाव-पत्त्याची वेगळी पट्टी असते. ती तारखेचा शिक्का मारून पाठवणाऱ्याला परत येते, नासाकडच्या नोंदीत नाव उरत नाही. पुढे प्रशासनाने त्या चुकीवरून कारवाई केलीच, तर ही पट्टी दाखवून दंड किंवा परवान्याची स्थगिती टळू शकते. नियमभंगाची नोंद मात्र राहते. मुद्दाम केलेला भंग, गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना ही सूट नाही. आजवर 20 लाखांहून जास्त अहवाल आले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशांत कुणीतरी ‘माझ्याकडून असं झालं’ असं आपणहून लिहिलेलं आहे.

‘मग काय, सगळ्यांना माफ करायचं?’ असा प्रश्न इथे येतोच. नाही. या क्षेत्रात चुकीचे तीन प्रकार करतात. हात चुकला, विसरलं, वाचण्यात घोळ झाला: इथे माणसाला धीर द्यायचा आणि व्यवस्था दुरुस्त करायची. धोका आहे हे न जाणवता सवयीने पायरी गाळली: इथे समजावायचं, आणि ती पायरी सगळेच का गाळतात ते शोधायचं. धोका स्पष्ट दिसत असून बेदरकारपणे पुढे गेला: इथे शिक्षा. कुठला प्रकार हे ठरवताना एक प्रश्न उपयोगी पडतो: तेवढंच शिक्षण, तेवढाच अनुभव असलेला दुसरा माणूस त्या दिवशी त्या जागी असता तर त्याच्याकडूनही हेच झालं असतं का? उत्तर ‘बहुतेक हो’ असेल तर माणूस बदलून काही होणार नाही.

रुग्णालयांतही हाच अनुभव आहे. एमी एडमंडसन यांनी 1996 मध्ये औषधांच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या परिचारिका-गटांत चुका कमी असतील ही त्यांची अपेक्षा होती. नोंदी मात्र तिथेच जास्त निघाल्या. तिथे लोक चुका सांगत होते, एवढंच. म्हणून एखाद्या विभागाचा ‘शून्य चुका’ असा तक्ता दिसला तर कौतुक करण्याआधी चौकशी करावी. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी 2001 पासून चूक झाली की रुग्णाला आपणहून सांगायचं आणि भरपाई देऊ करायची असं धोरण ठेवलं. दावे वाढतील अशी भीती होती. प्रत्यक्षात दर लाख रुग्णभेटींमागे महिन्याला येणाऱ्या नव्या दाव्यांचं प्रमाण 7.03 वरून 4.52 वर आलं.

कबुलीची वाक्यं

रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीचे सहा भाग पाडून लोकांना कोणता भाग किती पटतो ते तपासलं: खेद, काय बिघडलं याचं स्पष्टीकरण, जबाबदारी घेणं, पुन्हा होणार नाही ही हमी, भरपाईची तयारी आणि ‘मला माफ करा’ ही विनंती. सगळ्यात वजन जबाबदारी घेण्याला निघालं, त्याखालोखाल भरपाईला. क्षमेची विनंती सगळ्यात खाली. आपण नेमकं उलट करतो: दहा वेळा सॉरी म्हणतो, आणि नक्की काय केलं ते एकदाही सांगत नाही.

क्रम असा ठेवला तर जमतं. आधी मी काय केलं, कर्त्यासह आणि विशेषणांशिवाय: ‘मी तुम्हाला जुन्या दराचं कोटेशन पाठवलं.’ मग त्याने समोरच्याचं काय झालं: ‘तुम्ही त्यावर गिऱ्हाइकाला शब्द दिलात.’ मग मी काय करतोय: ‘या ऑर्डरपुरता फरक आम्ही सोसू.’ आणि कारण सगळ्यात शेवटी, तेही पुढच्या वेळी उपयोगी असेल तेवढंच: ‘दोन दरपत्रकं एकाच फोल्डरमध्ये होती, जुनं आज काढून टाकलं.’ हेच कारण पहिल्या वाक्यात आलं की सबब वाटतं. ‘पण’ हा शब्द टाळावा; ‘माझं चुकलं, पण’ ऐकणारा फक्त पणच्या पुढचं ऐकतो. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे पुढाऱ्यांसाठी राखून ठेवावं.

उलट टोकही वाईट. ‘माझंच सगळं चुकतं, मी कुठल्याच कामाचा नाही’ ऐकलं की समोरच्याला स्वतःचं नुकसान बाजूला ठेवून आपलीच समजूत घालत बसावं लागतं. तीही एक पळवाटच आहे.

ऐकणाऱ्यासाठी फार लिहिण्यासारखं नाही. ‘असं का केलंस?’ विचारलं की कारणं मिळतात. ‘काय काय झालं, पहिल्यापासून सांग’ म्हटलं की माहिती मिळते. कबुलीनंतरची पहिली दोन मिनिटं आवाज चढवू नये, आणि ती कबुली सहा महिन्यांनी दुसऱ्या भांडणात बाहेर काढू नये. नवरा-बायकोत हे दुसरं पाळणं फार अवघड जातं.

जिथे जपून बोलावं लागतं

कबुलीची किंमत काही ठिकाणी कायद्यानेच ठरलेली असते, तिथे नुसत्या मोकळेपणाचा सल्ला देणं बेजबाबदारपणाचं होईल. रस्त्यावरचा अपघात हे त्यातलं ठळक उदाहरण. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, उशिरात उशिरा 24 तासांत. जमावाच्या प्रक्षोभामुळे मदत करणं शक्य नसेल तर, ही सवलत त्याच कलमात लिहिलेली आहे. म्हणजे थांबणाऱ्याला काय भोगावं लागू शकतं, याची कल्पना कायदा करणाऱ्यांनाही होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाच्या मृत्यूला कारण झालेल्या आणि न कळवता पळणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत कैद ठेवली, तेव्हा जानेवारी 2024 च्या सुरुवातीला ट्रकचालकांनी काम बंद केलं आणि महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यांचं म्हणणं हेच होतं की थांबलो तर जमाव सोडत नाही. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली, पण हे पोटकलम बाजूला ठेवून.

वाहन विम्याच्या पॉलिसीतही एक अट छापलेली असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी कबूल करू नये, पैसे देण्याचं वचन देऊ नये. म्हणून अपघातानंतर क्रम असा: जखमीला मदत, 108 किंवा 112 ला फोन, पोलिसांना माहिती, दोन्ही गाड्यांचे आणि जागेचे फोटो, मग विमा कंपनीला कळवणं. काय घडलं ते जसंच्या तसं सांगावं, खेदही व्यक्त करावा. ‘सगळा खर्च मी देतो’ हे वाक्य मात्र विमा कंपनीशी बोलणं होईपर्यंत थांबवावं, आणि कुणी जखमी असेल तर वकिलाशीही.